पाहुणे चालतात काय?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की मला दोन-चार फोन ठरलेले असतात. बहुधा जुन्या विद्यार्थ्यांचे. "सर, पुण्याहून पाहुणे यायला लागलेत, दोन दिवस आहेत, काय काय दाखवू सांगा की." मी इतिहास शिकवणारा माणूस, तेव्हा किल्ला, कमल बस्ती, १९२४ च्या अधिवेशनाची काँग्रेस विहीर अशी यादी माझ्याकडून मिळेल असं त्यांना वाटत असतं. यादी मी देतोही. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो, "पाहुणे चालतात काय?" चालत असतील तर त्यांना आधी बाजारात न्या, सकाळी न्या, आणि घरी नाश्ता न देता न्या. किल्ला कुठं पळून जात नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून मिळालेलं नाही. ते माझ्या सासऱ्यांनी दिलं, आणि तेही मी त्यांच्या पाहुणचाराचा पुरता विचका केल्यानंतर.

आमचं लग्न २००७ सालचं. सौ. धारवाडची, माहेरी सगळं कन्नड. एम. ए. ला मी कर्नाटक विद्यापीठात होतो, तिथली ही ओळख. आमच्याकडे आईनं आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी होणाऱ्या सुनेला विचारलं, "चपातीला तुमच्यात काय म्हणतात गं?" चपातीच म्हणतात, असं कळल्यावर तिचा निम्मा राग उतरला. सासऱ्यांचं तसं झालं नाही. ते शाळामास्तर. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पंगतीला बसले नाहीत. पुढं दोन वर्षं आमच्या घराची पायरी चढले नाहीत. मी धारवाडला गेलो की "बर्री सर, कुंदर्री," म्हणून खुर्ची पुढं करायचे. जावयाला कुणी 'सर' म्हणतं काय? आदरानं म्हणतात असं कुणालाही वाटेल. मला मात्र तो शब्द दारात आडवी लावलेली काठी वाटायचा.

मी त्यांना 'मावा' म्हणायचो. आपल्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, कन्नडात मावा; एका अक्षराचा तर फरक. पण माझ्या पुण्याच्या चुलतभावंडांना हे ऐकून हसू आवरायचं नाही. त्यांच्या लेखी मावा म्हणजे खवा, नाहीतर पानटपरीवरची सुपारी-तंबाखू.

२००९ साली कार्तिकात मावा आणि अत्ती पहिल्यांदा आमच्याकडे आले. अत्ती म्हणजे सासूबाई. मी आठ दिवस आधीपासून तयारीत. मित्राची गाडी मागून आणली. पहिल्याच दिवशी दोघांना गाडीत बसवून किल्ला, मिलिटरी महादेव, टिळकवाडी असं भर्रकन फिरवलं. बाजार आला तेव्हा काच वर करून म्हणालो, "इथं फार गर्दी असते," आणि गाडी पुढं काढली. रात्री एका मोठ्या, थंडगार हॉटेलात जेवण. पनीर, नान, वर आईस्क्रीम. बिल भरताना मला आपण फार काही केल्यासारखं वाटत होतं. मावांनी अर्धं नान मोडलं. "ऊटा छलो आतु," एवढं म्हणाले. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला म्हणून उठलो, तर सौ. वडिलांना दहीभात कालवून देत होती. मला बघून दोघांनी बोलणं थांबवलं. मी पाणी प्यायलो आणि परत जाऊन पडलो.

सकाळी सहा वाजता उठलो तर मावा घरात नाहीत! मोबाईल उशाला चार्जिंगला लावलेला. सौ. रडकुंडीला आली. अत्ती मात्र शांत. "पेटेग होग्यार," म्हणाल्या. म्हणजे बाजारात गेलेत. नवीन गावात गेले की ते पहिल्या सकाळी तिथल्या बाजारात जातातच, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आदल्या दिवशी मी विचारलं असतं तर तेव्हाही सांगितलं असतं.

गणपत गल्लीत सापडले. रस्त्याच्या कडेला पश्चिम भागातली एक बाई रताळी घेऊन बसली होती, तिच्यासमोर मावा उकिडवे. ते 'गेणसु' म्हणत होते, ती 'रताळी' म्हणत होती, आणि भावाची घासाघीस जोरात चालली होती. तिला आकडे कन्नडात येत होते, त्यांना मराठीत. दोघंही एकमेकांच्या भाषेतले आकडे बोलत होते, त्यामुळं हिशेब सारखा चुकत होता. मी मध्ये पडायला गेलो तर मावांनी हातानंच थांबवलं. शेवटी दोन किलो घेतली, वर एक मोठं रताळं फुकट. एकादशी जवळ आली होती. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "चला सर, आता दाखवा."

तेव्हापासून मी पाहुण्यांना जी फेरी घडवतो, ती त्या दिवशीची फेरी आहे. थोडीफार सुधारणा केली आहे, तेवढीच.

गाडी घरी ठेवा. ठेवणं जमत नसेल तर बापट गल्लीच्या पार्किंगला लावा आणि विसरून जा. गल्ल्या अरुंद आहेत, आणि कुठला ना कुठला रस्ता उकरलेला असतोच. रविवारी तर गोव्याच्या नंबरच्या गाड्यांची रांग लागते. त्यांना चोर्ल्यावरून इथला बाजार जवळ पडतो. त्यामुळं मधला वार बरा. पाहुणे लांबून येणार असतील तर आणखी एक पथ्य. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरतं तेव्हा गावात लॉजची खोली मिळणं मुश्कील होतं. आणि १ नोव्हेंबरला शक्यतो कुणाला बोलावू नका. त्या दिवशी गावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे काळा दिन. आमच्यासारख्या घरांत त्या दिवशी टीव्ही बंद असतो आणि दुपारी सगळे झोपतात. तुमच्यापैकी पुष्कळांना हे सांगायला नको.

सुरुवात भाजीपासून करायची. भाजीचं काय बघायचं, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात. पण गोव्याच्या जेवणातली कितीतरी भाजी बेळगावहून जाते, आणि ती जिथून निघते ती माती गावाच्या वेशीलाच लागून आहे. सकाळी आलेल्या मेथीच्या जुड्या, नवलकोल, कोवळी वांगी बघितली की दुपारी काय खायचं ते आपोआप ठरतं. भाषेची काळजी करू नका. २०२४ च्या कायद्यानं पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला आहे, त्यामुळं कन्नड वाचता न येणारा पाहुणा पाटी बघून गोंधळतो. त्याला सांगायचं, पाटी वाचू नको, विचार. दुकानदार दोन शब्दांत ओळखतो की समोरचा कुठला, आणि त्याच भाषेत सुरू होतो. कित्येकदा एकाच वाक्यात दोन्ही. "अर्धा किलो साकु का आणखी देऊ?" असं वाक्य ऐकलं की मला घरी असल्यासारखं वाटतं, कारण आमची मुलगी अशीच बोलते.

आणि खूट हा शब्द पाहुण्यांना आधीच शिकवून ठेवा. आम्ही चौकाला खूट म्हणतो. शनिवार खूट, यंदे खूट, कंबळी खूट. पत्ता विचारला तर उत्तरात एक तरी खूट येणारच.

नाश्त्याला उडुपी हॉटेल कुठलंही चालेल. इडली-वडा वाईट मिळण्याची शक्यता या गावात कमीच. माझं मत विचाराल तर उप्पीट खावं. पुण्याच्या उपम्यापेक्षा ते मऊ असतं आणि त्यावर उगाच शेव-खोबऱ्याचा थर नसतो. मावांनी त्या दिवशी दोन प्लेटी खाल्ल्या. आदल्या रात्रीचं बिल मला तेव्हा आठवलं.

तिथून रिसालदार गल्ली. इथं स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात सदाशिवराव भाटे वकिलांच्या घरी उतरले होते. मग ते हरिपद मित्र या बंगाली वनाधिकाऱ्यांकडे राहायला गेले. मी वर्गात शिकवतो त्या आवाजात मावांना ही माहिती देऊ लागलो. ते नुसते मान हलवत होते. मग मला भाट्यांच्या मुलानं लिहिलेल्या आठवणीतली एक गोष्ट आठवली. संन्यासी म्हणून घरात सगळे दबकून वागत असताना स्वामीजींनी जेवणानंतर पान-सुपारी मागितली, आणि पुढं खायची तंबाखूसुद्धा. घरच्यांना मोठं नवल वाटलं होतं. हे सांगितलं आणि मावा एकदम थांबले. "खरं?" मी म्हटलं, छापलेलं आहे. तर त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चंची काढली. चंची! दोन दिवस ती लपवून ठेवली होती. मराठी मास्तर जावयाच्या घरी पान खाल्लेलं चालतं की नाही, याचा त्यांना अंदाज नव्हता, आणि मी सुपारीचं खांडसुद्धा पुढं केलं नव्हतं. भर गल्लीत उभं राहून त्यांनी पानाला चुना लावला, एक विडा स्वतःला, एक मला. मी पान खात नाही. त्या दिवशी खाल्लं.

इतिहास दाखवायचा तर असा खाण्यापिण्यातून दाखवावा असं मला तेव्हापासून वाटतं. किर्लोस्कर रोडवरून जाताना मी पाहुण्यांना सांगतो की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते याच गावात. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. पाहुणे "हो का," म्हणतात आणि साड्यांची दुकानं बघू लागतात. साड्यांचं म्हणाल तर बायकांना वेळ असेल तर शहापूरला न्या. आज ते बेळगावातच मोडतं, पण १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. तिथली सराफी आणि साड्या आजही नावाजलेल्या. मी मात्र तिथं बाहेर कट्ट्यावर बसतो.

आता कुंदा. पाहुण्यांना घेऊन मिठाईच्या दुकानात शिरलात की थेट किलोचा बॉक्स बांधायला सांगू नका. आधी चमचाभर चव मागा; कुणी नाही म्हणत नाही. कुंदा रवाळ हवा, दाताखाली कण लागला पाहिजे, आणि दुधाचा खरपूस वास साखरेच्या वर आला पाहिजे. नुसता गोड लागला तर पुढच्या दुकानात जा. कॅम्पातल्या पुरोहितांचं नाव सगळेच घेतात आणि ते वावगं नाही, पण दोन-तीन ठिकाणचा पाव-पाव किलो घेऊन घरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवून खाण्यात जी मजा आहे ती एकाच नावात नाही. लांब न्यायचा असेल तर त्याच दिवशी निघा, आणि घरी पोचल्यावर फ्रीजमध्ये. खाताना थोडा कोमट करा.

त्या दिवशी दुकानात मावांनी चव घेतली, डोळे मिटले, आणि धारवाडच्या माणसानं म्हणायचं तेच म्हणाले. "छलो ऐती. आदरे पेढा पेढा." पेढा तो पेढाच! मीही बेळगावचा. मी म्हटलं, मावा, पेढा कोरडा, कुंद्याला ओलावा आहे. ते म्हणाले, पेढा महिनाभर राहतो, तुमचा कुंदा उद्या आंबेल. दुकानदार हसत ऐकत होता. मग त्यानंच विचारलं, "अहो, धारवाडचा पेढा काढला कुणी? उत्तर प्रदेशातनं आलेल्या ठाकुरांनी. आणि कुंदा? मारवाडातनं आलेल्या माणसानं." पेढेवाले ठाकूर प्लेगच्या भीतीनं उन्नावहून धारवाडला आले, ही हकीकत मावांना माहीत होती. एका मारवाडी आचाऱ्याच्या हातून दूध चुलीवर जास्त वेळ राहिलं आणि कुंदा झाला, ही आमच्याकडची सांगोवांगी मलाही माहीत होती. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून मी कधी बघितल्या नव्हत्या. मावांनीही नसाव्यात. दोघेही गप्प. मग मावांनीच अर्धा किलो कुंदा घेतला. पैसे मला देऊ दिले नाहीत.

गोड नको असणाऱ्या पाहुण्यांसाठी करदंट आहे. तो मूळचा गोकाकचा, पण बाजारात सगळीकडे मिळतो. गूळ, डिंक, सुकामेवा. 'करिद अंटु' म्हणजे तळलेला डिंक, हे मराठी पाहुण्यांना सांगितलं की त्यांना चवीचं कारण कळतं. (गोड नको म्हणणारे पाहुणे गुळाचा करदंट अर्धा डबा संपवतात, हा माझा अनुभव.) मांडे घरी केलेले मिळाले तरच खावेत. पालथ्या कढईवर भाजलेला, आत पिठीसाखर-खसखस असलेला तो कागदासारखा पापुद्रा प्रवासात नेऊ नये. स्टेशनपर्यंत त्याचा भुगा होतो. मिरच्या घ्यायच्या तर रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, दोन्ही मिसळून. बासमती म्हणजे आमचा बेळगाव बासमती, येळ्ळूर-वडगावकडचा. तो ओळखीच्या माणसाकडूनच घ्या.

दुपारचं जेवण हा या फेरीचा गाभा, आणि इथंच आपल्यातले बरेच यजमान माझ्यासारखे चुकतात. पाहुण्याला आपल्याकडचं साधं काय दाखवायचं, असं वाटतं. पनीर त्यांच्याही गावात मिळतं हो! खानावळीत न्या. बरोबर साडेबाराला जा; दीडनंतर भाकरी थंड होते आणि पळ्याचा तळ लागतो. पातळ ज्वारीची भाकरी, एणगाय म्हणजे भरलं वांगं, पुंडीपल्ले म्हणजे आपली अंबाडी, कडधान्याची उसळ, शेंगाची चटणी, जवसाची, कारळ्याची, बाजूला कच्ची मेथी आणि कांदा, शेवटी भात-आमटी आणि ताक. कन्नडात जोळद रोट्टी, मराठीत ज्वारीची भाकरी; तव्यावर दोन्ही सारखीच फुगते. फक्त पुण्याच्या पाहुण्यांना आधी सांगून ठेवा की वाढणारा विचारत नाही, वाढतो. नको असेल तर हात आडवा धरायचा. लाजून गप्प बसलात तर चौथी भाकरी पानात पडलीच. मांसाहारी मंडळी असतील तर रात्री नियाझची बिर्याणी. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही, कारण आमच्या घरी त्यावरून दोन तट आहेत.

मावा त्या दुपारी चार भाकऱ्या जेवले. हात आडवा धरला नाही. जेवताना बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं मीही गप्प होतो. ताक पिऊन झाल्यावर त्यांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "निम्म ऊर छलो ऐती." तुमचं गाव चांगलं आहे. मग चंची उघडली, एक सुपारीचं खांड माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "तगो अळिया."

घ्या, जावईबापू.

खानावळीत गोंगाट होता. मला नीट ऐकू आलं की नाही, अशी शंका येऊन मी वर बघितलं, तर ते वाढप्याला बिल विचारत होते. मराठीत. आकडा चुकला.

घरी आल्यावर सौ.ला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग? अळिया नाहीतर काय म्हणणार?" पण रात्री तिनं मला हे दोनदा परत सांगायला लावलं. कुठल्या टेबलावर बसला होतात, आधी काय म्हणाले, मग काय म्हणाले.

पुढची दहा वर्षं मावा दर कार्तिकात येत राहिले. येताना स्टीलच्या गोल डब्यात धारवाडचा पेढा. डबा रिकामा परत देऊ नये, हे दोन्ही भाषांत सारखंच, त्यामुळं जाताना त्यात कुंदा. पहिल्या सकाळी सहाला बाजार ठरलेला. नंतर नंतर मी उठून तयार होऊन दारात उभा असायचो, तरी ते "झोपा की, मी जाऊन येतो," म्हणायचे आणि माझ्या चपला घालून होईपर्यंत थांबायचे. रताळेवाली बाई त्यांना ओळखायला लागली होती. हिशेब शेवटपर्यंत चुकत राहिला.

२०१९ मध्ये मावा गेले. २०२० च्या कार्तिकात कुणी आलं नाही, येण्यासारखं वर्षही नव्हतं ते. त्यानंतर अत्ती आल्या, भावाच्या गाडीतून. गुडघ्यांमुळं त्यांना बाजार फिरवत नाही. मी म्हटलं, तुम्ही गाडीतच बसा, मी हळूहळू सगळ्या गल्ल्यांतून नेतो. नको म्हणाल्या. "गाडीतून काय दिसणार?" मग गणपत गल्लीच्या तोंडाशी एका ओळखीच्या दुकानात खुर्ची मागून घेतली, त्यांना तिथं बसवलं, आणि मी आणि मुलगी एकेक जिन्नस आणून त्यांना दाखवत राहिलो. मेथी पसंत पडली. वांगी दोनदा बदलून आणायला लावली. रताळी बघितली आणि विचारलं, "एष्टु कोट्टी?" कितीला घेतलीस? मी सांगितलं. "ते असते तर दहा रुपये कमी केले असते," म्हणाल्या.

डबा सध्या आमच्याकडे आहे. झाकणावर मावांचं नाव कन्नडात कोरलेलं आहे, खाली लग्नात आलेल्या भांड्याचं साल. पेढे केव्हाच संपले. येत्या रविवारी धारवाडला जायचंय, तेव्हा शनिवारी सकाळी बाजारात जाऊन तो भरून आणायला हवा. मुलगी म्हणते, या वेळी चव ती बघणार.